गालावरची गाठ आणि लग्नाची तारीख

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ४१ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरीच शिवणकाम करतात. सध्या लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग पडला आहे. पाच-सहा वर्षांपासून त्यांच्या डाव्या नाकपुडीशेजारी, गालावर, हरभऱ्याएवढी गाठ आहे. मधोमध काळा ठिपका. अधूनमधून दाबली की पांढरं, घाण वासाचं काहीतरी निघायचं आणि गाठ चार-सहा महिने बसायची. या वेळी काही निघेना, म्हणून त्यांनी शिवणाची सुई गॅसवर लाल करून टोचली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. तिसऱ्या दिवशी गाल लाल, गाठ बोराएवढी, "रात्रभर लई ठणकायलंय." मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या तीन दिवस घेतल्या, उतार पडला, बंद केल्या, पुन्हा सुजलं. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून "आत्ता काढायची नाही, दीड महिन्यानं या" असं सांगितलं. गावातले एक खासगी डॉक्टर म्हणाले, "उद्या या, काढून टाकू." नणंदेच्या मुलीचं लग्न तीन हप्त्यांवर आलंय. सासूबाई म्हणतात, गाठीला लोखंड लावलं की कॅन्सर होतो. जाऊबाई बिब्बा लाव म्हणतात. ताईंचा प्रश्न: "मी कुणाचं ऐकू? लग्नाच्या आत चेहरा साफ होईल असं काही सांगा. दिवसातून दोनदा तोंड धुते, तरी ही घाण माझ्याच तोंडावर काहून?" सोबत सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीचा फोटो आहे. शेवटी एक तळटीप आहे, मुलाबद्दल. तिचं उत्तरही शेवटीच देते.

ताई,

पत्र आलं त्याच दिवशी तुमच्या नंबरवर चार ओळींचा निरोप धाडला होता. सदर छापून यायला वेळ लागतो आणि सूज काही तोवर थांबत नाही. त्या ओळी इथे सगळ्यात आधी देते, म्हणजे अशीच सूज घेऊन कुणी वाचत असेल तर त्यांनी बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. ताप येणं, हुडहुडी भरणं. सूज वर पापणीपर्यंत चढणं. डोळा फिरवताना दुखणं, एकाचे दोन दिसणं. डोकं असह्य ठणकणं, उलट्या, ग्लानी. लाली सकाळी जिथे होती तिच्या बरीच पुढे संध्याकाळी सरकलेली असणं. यातलं एक जरी असलं तरी उजाडायची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जायचं, जिथे भरती करून शिरेतून औषध देता येतं. परभणीचं जिल्हा रुग्णालय, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगरची घाटी, जे जवळ पडेल ते.

एवढी घाई कशासाठी? नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढल्या तर जो त्रिकोण होतो, त्या भागातल्या शिरांचं रक्त डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत पोचू शकतं. जंतू तिथे गेले आणि गुठळी झाली तर जिवावर बेततं. प्रतिजैविकं आल्यापासून हे फार क्वचित घडतं आणि तुम्हाला होईल असं मी म्हणत नाही. पण तुमची गाठ त्या त्रिकोणाच्या काठावर आहे, आणि तुम्ही तिथेच सुई खुपसली. पाठीवरच्या गाठीला असं केलं असतं तर मी नुसती रागावले असते. इथे हात जोडून सांगते, पुन्हा नाही.

आता ती 'घाण'. तुम्ही शिवणकाम करता म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. कातडीचा वरचा थर ही कापडाची सुलट बाजू समजा. तिचा कोंडा रोज आपल्या नकळत झडत असतो. कधी एखाद्या केसाच्या मुळाशी हा थर आत दुमडला जातो आणि तिथे चोरखिसा तयार होतो. सुलट बाजू खिशाच्या आतल्या अंगाला. तो थर तिथेही आपलं काम सोडत नाही, कोंडा झडतच राहतो. फक्त आता त्याला पडायला जागा नाही. तो खिशात साठतो, ओला होतो, दबतो, त्याचा चक्क्यासारखा पांढरा गोळा होतो आणि त्याला तो वास सुटतो. काळा ठिपका म्हणजे खिशाचं तोंड. जुनी माणसं अशा गाठीला आवाळू म्हणायची. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'इन्फेक्टेड सेबेशियस सिस्ट' लिहिलं आहे. सेबेशियस म्हणजे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथीचं. आम्ही सगळे डॉक्टर सवयीनं तेच नाव लिहितो, पण आत तेल नसतंच. असतं ते केराटिन, नखं आणि केस ज्याचे बनतात तेच. खरं नाव एपिडरमॉइड सिस्ट. तुम्ही दिवसातून दोनदा तोंड धुवा की दहादा, खिशाच्या आत साबण जात नाही. 'पोटातली उष्णता' हेही कारण लोक तुम्हाला सांगत असतील. सब्जा प्या, जिऱ्याचं पाणी प्या, या उन्हात चांगलंच आहे, पण खिशाला त्याचा पत्ता लागत नाही.

मग इतकी वर्षं गुपचूप बसलेली गाठ आत्ताच का पेटली? तुम्ही लिहिता, "मी घाण काढली, तरी उलट वाढलं." मला वाटतं गफलत इथे आहे. दाबल्यावर थोडा माल तोंडातून बाहेर येतो हे खरं, पण दाब सगळीकडून पडतो. खिशाची शिवण आतल्या बाजूने उसवली की तोच कोंडा आजूबाजूच्या मांसात सांडतो. कातडीच्या बाहेर निरुपद्रवी असलेली ही गोष्ट आत सांडली की शरीराला परकी वाटते आणि शरीर तिच्यावर तुटून पडतं. लाली, गरमी, ठणका, सूज. यात जंतू असतीलच असं नाही. पुष्कळदा नुसता सांडलेल्या केराटिनचाच हा दाह असतो. तुमच्या बाबतीत सुईने जंतूंनाही वाट करून दिलेली असू शकते. सुईचं टोक तापवलं होतं, पण गालाची कातडी आणि दोन अंगठे काही कुणी तापवले नव्हते. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, डॉक्टरांनाही नुसतं बघून दरवेळी सांगता येत नाही.

दाह आणि जंतू या फरकावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. गोळ्या जंतूंना मारतात. खिसा वितळवणारी गोळी अजून निघालेली नाही. तीन दिवसांत उतार पडला म्हणून तुम्हाला वाटलं काम झालं, आणि पुन्हा सुजलं तेव्हा वाटलं गोळ्या हलक्या होत्या. दोन्ही अंदाज चुकलेले असू शकतात. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू चिवट होतात हे तर आहेच. तेव्हा सरकारी डॉक्टरांनी लिहिलेला सात दिवसांचा कोर्स पुरा करा, आणि पूर्वी पेनिसिलिनच्या कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल तर तसं आधी सांगा.

आता ते दोन डॉक्टर. तुमच्या पत्रात एक 'हाकलून देणारा' आहे आणि एक 'काम करणारा'. मी चिठ्ठीचा फोटो मोठा करून पाहिला. गोळ्यांच्या खाली बारीक अक्षरात दोन गोष्टी आहेत. एक, 'आय अँड डी, गरज पडल्यास'. दुसरी, 'आरबीएस'. पहिलीचा अर्थ असा की पू झाला तर चिरून काढायचा. म्हणजे दीड महिना गप्प बसा असं त्यांनी म्हटलेलं नाही. म्हटलं ते कागदाला, तुम्हाला नाही. ही आमच्या जातीची खोड आहे. ओपीडीत दीडशे माणसं उभी असताना मीही असंच केलेलं आहे, आणि पेशंट परत आला नाही की मनातल्या मनात त्यालाच बोल लावलाय.

आणि खासगी डॉक्टर 'काढून टाकू' म्हणाले ते नक्की काय? चिरून पू काढायचा, की पिशवीसकट गाठ काढून टाके घालायचे? ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांची वेळही वेगळी. पहिलं असेल तर दोघा डॉक्टरांत भांडण नाहीच. जाऊन सरळ विचारा: "फक्त पू काढणार का पिशवीपण? टाके घालणार का?" पिशवी आत्ताच काढून टाके घालणार असं उत्तर आलं, तर मी तुमच्या जागी असते तर नम्रपणे 'थोडं थांबते' म्हणाले असते.

कारण सांगते. शांत गाठीची पिशवी आजूबाजूच्या मांसापासून सुटी असते, हलक्या हाताने अख्खी सोडवून घेता येते. पेटलेल्या गाठीत सगळं एकमेकांना चिकटलेलं, पिशवी ओल्या कागदासारखी. हात लावावा तिथे फाटते. तिचा नखाएवढा तुकडा जरी आत राहिला तरी तो पुन्हा कोंडा झाडायला लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत गाठ जागेवर हजर. शिवाय सुजलेल्या जागी बधिर करायचं इंजेक्शन नीट चढत नाही, म्हणून दुखतं जास्त. पुवाच्या जागी घातलेले टाके उसवतात, कापावं जास्त लागतं आणि व्रण रुंद राहतो. चेहऱ्यावर हे सगळं कुणाला हवंय? म्हणून आधी दाह बसू द्यायचा, मग साधारण चार ते सहा आठवड्यांनी, जागा मऊ आणि थंड झाल्यावर, पिशवी काढायची.

मधल्या काळात काय करायचं ते विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. स्वच्छ सुती कापड कोमट ते गरम पाण्यात बुडवून पिळायचं, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, सोसवलं तरच गालावर धरायचं. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दाबायचं नाही, नुसतं धरायचं. कापड दरवेळी धुऊन उन्हात वाळवायचं. मराठवाड्यात बाकी कशाची टंचाई असो, उन्हाची नाही. टॉवेल आणि उशीचा अभ्रा आपला वेगळा. हात गालाकडे गेला की ओढून घ्यायचा. शिवताना तुम्ही टाचण्या ओठांत धरत असाल, बऱ्याच जणी धरतात. त्या तेवढ्या दिवस टाचणीच्या उशीला लावा. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल चालते. शेकाने दोनपैकी एक होईल. सूज हळूहळू बसेल, किंवा गाठ मधोमध पिकून बोटाला लिबलिबीत लागायला लागेल. तसं झालं की समजा पू तयार झाला, आणि पू गोळ्यांनी आटत नाही. सरळ दवाखान्यात जायचं. तिथे जागा बधिर करून सुरकुतीच्या रेषेत लहानशी चीर देतात, आतलं सगळं बाहेर घेतात आणि टाका न घालता जखम मोकळी ठेवतात, म्हणजे ती आतून भरत येते. टाका घातला नाही म्हणून डॉक्टर निष्काळजी, असं समजू नका; पू वाहायला वाट हवी. दहा मिनिटांचं काम आणि ठणका जवळजवळ तिथल्या तिथे उतरतो. दोन दिवस शेकून, गोळ्या घेऊनही सूज वाढतच असेल तर मात्र पिकायची वाट बघू नका, परत दाखवा.

आता चिठ्ठीवरची दुसरी गोष्ट, 'आरबीएस'. म्हणजे रक्तातली साखर, कुठल्याही वेळी तपासलेली. ती तुम्ही केलेली नाही, कारण तुम्हाला ती कुणी समजावलीच नाही. पण पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलात: "आता उन्हाळा, रात्री दोन-तीनदा उठते, पाणी प्यायला अन् लघवीला." पाण्याचं कारण ऊन असेल. घामाच्या दिवसांत लघवी खरं तर कमी व्हायला हवी. गळवं वारंवार होणं, जखमा चिघळणं, रात्री लघवीला उठणं, ही मधुमेहाची जुनी ओळखीची लक्षणं आहेत, आणि साखर वाढलेली असली की चेहऱ्यावरचा साधा संसर्गही हट्टी आणि धोक्याचा होतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा वर आली तर तो मधुमेह धरतात. बहुधा तपासणी एकदा पुन्हा करून खात्री करतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखरेची तपासणी गावच्या आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या पत्रात मला गाठीपेक्षा या एका ओळीची काळजी जास्त वाटली. साखर निघालीच तर शेक घेताना पाणी अजून कोमट ठेवा, चटका पटकन कळत नाही.

बिब्ब्याचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. गालावर बिब्बा लावून आलेल्या एका मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. गाठ होती तिथेच होती, आणि भोवती रुपयाएवढा काळा डाग, कडेला पाण्याचे फोड. चुना-गूळ, टूथपेस्ट, पपईचा चीक, सगळी तीच गत. भाजलेला कांदा किंवा जवसाचं पोटीस बांधतात ते तेवढं वाईट नाही, त्यात काम करते ती ऊब. ती ओल्या फडक्यातही मिळते आणि फडकं जखमेत सुटून राहत नाही. मेडिकलवरच्या 'सगळ्यावर एकच' ट्यूबपासूनही लांब राहा. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. त्याने लाली चार दिवस दबते, आत जंतूंचं फावतं, आणि महिनोन्महिने लावलं तर चेहऱ्याची कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसायला लागतात. अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश सरकारला २०१८ साली काढावा लागला. चिठ्ठी कोण मागतं, ते तुम्ही-मी जाणतो.

सासूबाईंची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. ती कुठून आली ते मला माहीत आहे. त्यांच्या तरुणपणी गावात कुणाला तरी गाठ झाली, ती दुखत नाही म्हणून दोन वर्षं अंगावर काढली, शेवटी सोलापूरला किंवा मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं आणि माणूस सहा महिन्यांत गेला. लोकांनी हिशेब मांडला: लोखंड लागलं अन् गेला. कॅन्सर आधीच होता, सुरी उशिरा आली, हे कुणी सांगितलं नाही. तुमच्यासारख्या गाठीत कॅन्सर निघणं अतिशय दुर्मीळ. तरीही काढलेली गाठ तपासणीला पाठवा असं डॉक्टरांना सांगा, आणि तो कागद घरी आणून सासूबाईंना वाचून दाखवा. वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडेल.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी. गालावरची प्रत्येक गाठ आवाळूच असते असं धरून चालू नका. आधी गाठ नव्हतीच, तीन-चार दिवसांत एकदम उठली, तर ते गळू किंवा केसतोड. मधला काळा ठिपका नाही, कातडी वरून मोकळी सरकते, हाताला पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागते, तर बहुधा चरबीची गाठ. कानाच्या पुढची किंवा कानाच्या पाळीखालची गाठ लाळेच्या ग्रंथीची असू शकते, तिला कुणीही वरवर कापू नये. तिथूनच चेहरा हलवणारी नस जाते. मानेत एकापेक्षा जास्त गाठी, सोबत बारीक ताप, वजन उतरणं, तर क्षयाची तपासणी. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर महिनोन्महिने न भरणारी, खपली धरून पुन्हा रक्त येणारी जखम असेल तर तिचा तुकडा तपासायलाच हवा. आणि हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला भरते-फुटते-भरते असं चालणारं भोक असेल तर आधी दाताचा एक्स-रे. एक शेतकरी माझ्याकडे हनुवटीवरचं नासूर घेऊन आला होता, आठ महिने मलमपट्टी, दोनदा चिरलेलं. समोरचा खालचा दात काळसर पडलेला होता. लहानपणी बैलाचं डोकं लागलं होतं म्हणे. दात कधी दुखला नव्हता, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी तोंड उघडून पाहिलंही नाही. मीही पहिल्या खेपेला पाहिलं नव्हतं. दातावर उपचार झाले आणि वरचं भोक आपोआप मिटलं.

आता लग्न. तीन हप्त्यांत 'चेहरा साफ' होईल असं मी लिहून देणार नाही. सूज उतरेल, ठणका जाईल, बहुतेक एक गुलाबी-तपकिरी डाग आणि हाताला लागणारा घट्टपणा राहील. मध्ये चीर द्यावी लागली तर एक छोटी पट्टी असेल. तेवढ्यानं काय बिघडतं, हे तुम्ही मला सांगा. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, "नणंदेकडचे काय म्हणतील." लग्न भाचीचं आहे ताई. वऱ्हाडी नवरीकडे बघतील, आणि तुमच्याकडे बघतील ते तिच्या ब्लाउजाची फिटिंग कुणी केली म्हणून. कुणी विचारलंच तर "गळू झालं होतं, औषध चालू आहे" एवढं पुरे. उघड्या जखमेवर फाउंडेशन थापू नका. आणि हळदीच्या दिवशी सांभाळा. आपल्याकडे नवरीला लावून उरलेली हळद घरातल्या सगळ्या बायका एकमेकींच्या गालाला फासतात, कुणी विचारत नाही. परातीतली ती हळद पन्नास हातांतून आलेली असते. "माझ्या हाताला लावा, गालाला नको" असं आधीच बजावून ठेवा, आणि धाकट्या जावेला पहाऱ्यावर ठेवा.

लग्न पार पडलं, जागा थंड झाली की मग पिशवी काढायची का याचा शांतपणे विचार करा. काढलीच पाहिजे असं नाही. न दुखणारी, न वाढणारी गाठ आयुष्यभर तशीच ठेवणारी माणसं आहेत. पण एकदा पेटलेली गाठ पुन्हा पेटायची शक्यता बरीच, आणि तुमचे अंगठे काही स्वस्थ बसायचे नाहीत, म्हणून मी काढा म्हणेन. सर्जन, प्लास्टिक सर्जन, कातडीचे डॉक्टर, कान-नाक-घशाचे डॉक्टर, यातल्या कुणीही, ज्यांचा चेहऱ्यावरच्या कामाचा हात आहे त्यांनी. जागा बधिर करून अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. काळा ठिपका धरून डोळ्याच्या आकाराचा छोटा तुकडा आणि खाली अख्खी पिशवी. नाकपुडीपासून ओठाकडे जाणाऱ्या सुरकुतीत चीर बसवली तर व्रण पुढे शोधावा लागतो. चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. त्यानंतर काही महिने उन्हात जाताना पदर किंवा स्कार्फ, नाहीतर व्रण काळा पडतो. खर्चाची धास्ती असेल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. तुमचं उपजिल्हा रुग्णालयही त्यातच आलं. वैद्यकीय महाविद्यालयांचं खातं वेगळं, तिथे थोडे पैसे भरावे लागतात. ज्यांनी तुम्हाला 'दीड महिन्यानं या' म्हटलं त्यांच्याकडेच ती चिठ्ठी घेऊन जा. मला वाटतं ते ओळखतील.

आता तळटीप. तुम्ही लिहिलंय, "धाकट्या मुलाच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला जन्मापासून वाटाण्याएवढी गाठ आहे, दुखत नाही, ती पण अशीच दाबून काढावी का?" नाही. तिला बोटसुद्धा लावू नका. जन्मापासूनची, भुवईच्या टोकाची गाठ वेगळ्या जातीची असते, डरमॉइड म्हणतात. ती बाळ पोटात असताना कातडी जुळताना शिवणीत अडकून राहिलेली असते, बऱ्याचदा खाली हाडाला चिकटलेली. धोक्याची क्वचितच असते, पण काढायच्या आधी ती किती खोल गेली आहे हे कधी कधी सोनोग्राफी किंवा स्कॅन करून बघावं लागतं. हीच गाठ नाकाच्या मधोमध असती तर स्कॅनशिवाय तिला कुणाला हातच लावू दिला नसता, कारण तिथून ती कवटीच्या आत पोचलेली असू शकते. घाई नाही, शाळेच्या सुट्ट्या संपायच्या आत लहान मुलांच्या सर्जनना दाखवा. जाताना तो वर्षाचा असतानाचा एखादा फोटो सोबत न्या, चेहरा समोरून नीट दिसेल असा. गाठ तेव्हा केवढी होती आणि आता केवढी आहे, हे ते सगळ्यात आधी विचारतील.